शाई स्वस्त की टिकाऊ?

भाऊ, घरच्या इंकजेट प्रिंटरवर फोटो छापायला स्वस्त डाय शाई घ्यावी की टिकाऊ पिगमेंट शाई, असं विचारतोस, तर आधी सांग, फोटो जाणार कुठे? अल्बममध्ये, तर साधी डाय शाई बास. चकचकीत कागदावर तिचे रंग मस्त खुलतात. भिंतीवर लावायचा असेल तर मात्र पिगमेंट. डाय पाण्यात विरघळलेली असते, उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर उडते. पिगमेंटचे बारीक कण कागदावर बसतात, ते दमाने फिके होतात.

आपल्या नागपूरचं ऊन तर तुला माहीतच आहे, वरून कूलरची ओलसर हवा. मी पुतणीच्या बारशाचा फोटो कूलरसमोरच टांगला होता, तोही काचेविना. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळे चेहरे पिवळे! चूक माझीच.

एक कर. एकाच फोटोच्या दोन प्रती काढ, एक खिडकीत चिकटव, दुसरी वहीत ठेव. दोन महिन्यांनी शेजारी धरून बघ, डब्यावरच्या दाव्यांपेक्षा ते खरं.

आणि हो, डायच्या प्रिंटरात पिगमेंट ओतू नको, हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, चोंदतं. बऱ्याच टँकवाल्या (बाटलीने शाई भरायच्या) प्रिंटरांत काळी तेवढी पिगमेंट असते, रंगीत डायच, त्यावरून फसू नको. फ्रेम करण्याआधी प्रिंट दिवसभर वाळू दे.