१६२ पानांची स्क्रिप्ट असून 'द सोशल नेटवर्क' हा फेसबुक कसं सुरू झालं त्यावरचा सिनेमा दोन तासांत कसा बसला?

कारण त्यांनी पानं मोजली नाहीत, वेळ मोजली. एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशोब आमच्या लाइनमध्ये सर्रास चालतो, त्या हिशोबाने सिनेमा जवळजवळ पावणेतीन तासांचा झाला असता. पण दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने लेखक आरन सॉर्किनलाच स्क्रिप्ट मोठ्याने वाचायला लावली, वेळ लावली आणि ती दोन तासांच्या आसपास आली. मग नटांनाही त्याच वेगाने बोलायला लावलं. सुरुवातीचा बारमधला सीन आठवा, मुलगी एका गोष्टीचं उत्तर देतेय तोवर मार्क, म्हणजे फेसबुक काढणारा झुकरबर्ग, तिसऱ्याच विषयावर. त्याचे ९९ टेक झाले.

एवढं ठासून सांगतेय कारण ह्यावरून माझं भांडण झालंय.

काही वर्षांपूर्वी एका वेब फिल्मवर मी कंटिन्युइटी बघत होते, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते. साकीनाक्याच्या गाळ्यात ॲपची कंपनी काढणारे दोन मित्र, पुढे एकजण दुसऱ्याला बाहेर काढतो, अशी गोष्ट. स्क्रिप्ट १३१ पानांची आणि निर्माते म्हणाले ११० च्या वर एक पान नको. आरामनगरच्या ऑफिसात मीटिंग झाली आणि लाल पेनाची आडवी रेघ नेमकी दोघांच्या भांडणाच्या सात पानांवर बसली. आता त्या पानांवर होतं काय, तर "सही कुणाची आहे?" "तुझीच." "कधी केली मी?" "वाचलंस कुठे तू!" असे दोन-तीन शब्दांचे डायलॉग, त्यामुळे कागद भरतो, वेळ नाही. आदल्या रात्री मी भावाला समोर बसवून, पंखा बंद करून, फोनवर वेळ लावून ती वाचली होती. ४ मिनिटं १० सेकंद. मीटिंगमध्ये तेच सांगितलं तर म्हणे, "मॅडम, तुम्ही कंटिन्युइटी बघा." आणि 'विसर्जनाहून परततो, शटर उघडतो' ही दीड ओळ ठेवली, ती एडिटमध्ये दोन मिनिटांची झाली!

पहिल्या ट्रायलला बघणाऱ्यांनी विचारलं, तो पार्टनर गेला कुठे? मार्कचा मित्र आणि पार्टनर एदुआर्दो, कंपनीतला आपला हिस्सा ०.०३ टक्क्यावर आल्याचं त्याला कळतं आणि तो लॅपटॉप आपटतो, तो सीन काढून टाका आणि मग बघा 'सोशल नेटवर्क'मध्ये काय उरतं. कंपनी काढण्याच्या गोष्टीत कोडिंग बघायला कोणी बसत नाही, दोस्ती कुठल्या कागदावर तुटली ते बघायला बसतात.

त्यामुळे लिहीत असाल तर कात्री लावायच्या आधी दोन माणसं बसवून वाचा, आणि निर्मात्यांसमोर वाचा, नंतर ऐकत नाहीत.

हां, हे बडबड्या स्क्रिप्टपुरतं. शांत सिनेमात उलटं होतं, अर्धं पान तीन मिनिटं खातं. आणि त्या सिनेमाला फेसबुकचा इतिहास समजू नका, बारमधली ती एरिका लेखकाने रचलेली आहे.

ती सात पानं माझ्याकडे आहेत अजून, लाल रेघेसकट. कोणाला वेळ लावून वाचायची असतील तर कमेंटमध्ये सांगा.