शिकवण्याची वाट वॉर्डातूनच जाते

गुहागर तालुक्यातील पालक यांस,
स.न.वि.वि.

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. आपली कन्या जीएनएम (परिचर्येची पदविका) पूर्ण करून दोन वर्षे चिपळूणच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तीन दशकांहून अधिक काळ परिचर्या शिकवून निवृत्त झालेल्या तिच्या बाईंच्या गौरव समारंभाहून परतल्यापासून ती 'मलाही शिकवायचे आहे' असे म्हणत आहे आणि हा निर्णय भावनेच्या भरात होत नाही ना, अशी आपली शंका आहे.

शाल-श्रीफळ आणि भाषणे पाहून कोणीही भारावते, म्हणून आपली शंका रास्त आहे. परंतु आपण पत्रात ओघाने लिहिलेला एक प्रसंग मला समारंभापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटला. फुरसे, म्हणजे ज्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते तो साप, चावलेला रुग्ण आला असता बाईंनी तिच्या हाती काचेची स्वच्छ, कोरडी नळी दिली, तीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेवायला लावली आणि मग कलती करून रक्त गोठले की नाही हे तिचे तिलाच पाहू दिले. नळी प्लॅस्टिकची का नको, साबणाने धुतलेली का चालत नाही, रक्त पातळच राहिले तर डॉक्टरांना तत्काळ काय कळवायचे, हे सारे त्या प्रतीक्षेतच समजावले. कोकणात फुरसे नवे नाही. तेव्हा ही चाचणी चोख करणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या घडवणाऱ्या बाईंचे ऋण आपल्या गावांवर किती असेल, याचा विचार अवश्य करावा. आपल्या कन्येला हार-तुऱ्यांइतकीच ती नळीही आठवते, याचा अर्थ तिला अध्यापनाचे मर्म उमगले आहे, असे मी मानतो.

पाठ्यनिर्देशिकेचे, म्हणजे परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेचे, बरेचसे काम वेळापत्रकात दिसत नाही. पहिल्या रात्रपाळीला घाबरलेल्या मुलीजवळ उभे राहणे, डोळ्यांदेखत पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉर्डात आणणे, ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, निसटलेली नोंद चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन दाखवणे, हे तिलाच करावे लागते. ज्या मुलीचा स्वभाव मुळात असा आहे, तिनेच या वाटेला जावे. आपली कन्या नव्या सहकारी मुलींशी कशी वागते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

आता शिकवण्यासाठी लागणाऱ्या शिक्षणाविषयी. नोंदणीकृत जीएनएम परिचारिकेला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांत करता येते आणि त्यानंतर एम.एस्सी. नर्सिंगला आणखी दोन वर्षे लागतात. एम.एस्सी.साठी किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक असतो. पोस्ट बेसिक केलेल्यांना तो त्यापूर्वीचा असला तरी चालतो, त्यामुळे तिची वॉर्डातील दोन वर्षे वाया जाणार नाहीत. प्रवेशापूर्वी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे, याची स्वतः खातरजमा करावी. काही खासगी संस्थांमध्ये सुरुवातीचे वेतन तुटपुंजे असते, हेही मी लपवत नाही. घरावर कर्ज असेल तर आधी काही काळ नोकरी करून पैसे साठवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बाईंचा गौरव म्हणून आणखी काय करावे, असे कन्येने विचारले आहे. राष्ट्रीय पातळीवर 1973 पासून फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिला जातो, परंतु विद्यार्थिनींच्या हातात त्याहून जवळचे काम आहे. बाईंनी वॉर्डात शिकवताना वापरलेल्या युक्त्या आणि आवर्जून विचारलेले प्रश्न त्यांच्यासमवेत बसून लिहून काढावेत. असे बरेचसे ज्ञान पाठ्यपुस्तकात नसते आणि निवृत्तीबरोबर हरवते. कन्येने यास आरंभ करावा आणि एम.एस्सी.साठी सामाजिक आरोग्य, बाल आरोग्य की अन्य विषय घ्यावा, याबद्दल स्वतःच मला लिहावे.

कळावे,
आपला करिअर मार्गदर्शक