अडीच महिन्यांच्या बाळाच्या कवटीची शिवण बंद झाली आहे. ऑपरेशन करावं, की मालिशने फरक पडेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळाचं डोकं लांबट आहे, मधोमध हाडाची कड लागते, सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी सॅजिटल सूचर, म्हणजे कवटीच्या मधोमध पुढून मागे जाणारी शिवण, बंद झाल्याचं सांगितलंय. आणि सासूबाई म्हणतात, टाळू अजून उघडी आहे, तेल लावून डोकं घडवू. मी डॉक्टर नाही. पण माझ्या मुलाला हेच होतं, त्याचं ऑपरेशन ९ व्या महिन्यात झालं. निर्णयाला हवा तर वेळ घ्या, पण सर्जनची भेट याच आठवड्यात घ्या.

घाई वयाची आहे. बाळ साधारण ३-४ महिन्यांच्या आतलं असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन होऊ शकतं. डोक्यावर दोन छोटे छेद घेऊन बंद शिवणीच्या हाडाची पट्टी काढतात. रक्त कमी जातं, बाळं बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतात. त्यानंतर डोक्याला आकार मेंदूची वाढच देते. त्या वाढीला दिशा मिळावी म्हणून मापाचं हेल्मेट काही महिने, दिवसातले २३ तास घालावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामोळं येतं, मापही पुन्हापुन्हा तपासावं लागतं, म्हणून हेल्मेट कोण बनवून देणार हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. वय पुढे गेलं की हाड जाड होतं, मेंदूच्या वाढीचा वेगही कमी होतो, मग मोठं ऑपरेशन करावं लागतं.

आमचे महिने मालिशीत गेले. मालिशवाल्या मावशी रोज दोन्ही तळव्यांत डोकं धरून दाबायच्या आणि मी समाधानाने बघत बसायचे. तेलाचं बोट कपाळापासून मागे नेलं की करंजीच्या कडेसारखी रेघ लागायची. लस द्यायला नेलं तेव्हा दोनदा विचारलं. केस आले की दिसणार नाही, असं उत्तर मिळालं. त्याचा मला आजही राग येतो. ७ व्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी डोकं चाचपून तिथल्या तिथे सांगितलं.

सासूबाईंना एक गोष्ट नीट समजावून सांगा. बाळाची कवटी सुट्या हाडांची असते आणि मधल्या शिवणी मेंदूबरोबर पसरत जातात. मधली शिवण बंद पडली की डोकं रुंदीला वाढू शकत नाही, म्हणून पुढे-मागे लांबतं. ही गोष्ट जर्मन डॉक्टर व्हिर्खो यांनी १८५१ मध्येच मांडली होती. टाळू उघडी असली तरी ही शिवण बंद असू शकते. मोहरीच्या उशीने ज्यांची डोकी गोल झाली असं आपण ऐकतो, त्या बाळांच्या शिवणी उघड्याच होत्या. एकाच कुशीवर झोपून चपटं झालेलं डोकं कूस बदलली, जागेपणी पोटावर ठेवलं की सुधारतं. जुळलेलं हाड मात्र दाबून सुटत नाही.

आमचं ऑपरेशन मोठं होतं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी छेद घेतला, म्हणजे पुढे केसांत व्रण लपतो. हाडं काढून, कापून, नव्याने मांडून विरघळणाऱ्या पट्ट्यांनी बसवली. मेंदूला हात लावत नाहीत, त्याचं आवरणही उघडत नाहीत. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. खरी काळजी रक्ताची. ८ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साडेसहाशे मिलिलीटरच्या आसपास रक्त असतं, त्यातलं शंभर गेलं तरी ती मोठी गोष्ट. म्हणून न्यूरोसर्जन आणि प्लास्टिक सर्जन एकत्र काम करतात का, तान्ह्या बाळांना नेहमी भूल देणारे डॉक्टर आहेत का, मुलांचा आयसीयू आहे का आणि अशी ऑपरेशनं वर्षाला किती होतात, हे न लाजता विचारा. चांगले सर्जन अशा प्रश्नांनी चिडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डोळे सुजून पूर्ण मिटतात. हे आधी सांगितलेलं असूनही मी हादरले. तो आवाजाच्या दिशेने मान वळवायचा, मी सतत बोलत राहायचे, माझं बोट त्याच्या मुठीत. चौथ्या दिवशी उजवा डोळा किलकिला झाला आणि त्याने माझ्या टिकलीला हात घातला.

हे फक्त दिसण्यासाठी नाही. एकच शिवण बंद असलेल्या सगळ्याच मुलांना नाही, पण काहींना मेंदूवरचा दाब वाढतो, म्हणून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ऑपरेशनआधी आणि नंतरही काही वर्षं करतात. आम्ही अजून जातो. बोलणं, शिकणं यावरही लक्ष ठेवतात. खर्चाचा प्रश्न असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, पहिल्याच दिवशी भेटा.

आणि तपासणीत उशीर झालाच, तर स्वतःला दोष देत बसू नका. उशिराचं ऑपरेशन मोठं असतं, पण चांगलं होतं. माझा मुलगा आता ५ वर्षांचा आहे, पोहून आला की ओल्या केसांत ती नागमोडी रेघ दिसते, एरवी नाही.

भेटीला जाताना बाळाचे केस ओले करून वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. जन्मापासून डोक्याच्या घेराची मापं जिथे लिहिली आहेत ते लसीकरणाचं कार्डही बरोबर न्या.