वाचकांचे प्रश्न : गाडी तापली की सेल्फ लागत नाही

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि आमच्याकडे १९७३ सालची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर व्हॅन आहे. सकाळी ती पहिल्याच किल्लीला सुरू होते. मात्र मोटरवेवर तास-दीड तास चालवून पेट्रोलसाठी थांबलो, की किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा व्यवस्थित सुरू होते. बॅटरी नवी आहे. गॅरेजवाले स्टार्टर बदलायला सांगतात. बदलावा का?
– एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर : इतक्यात बदलू नये. थंड गाडीला लागणारा सेल्फ (म्हणजेच स्टार्टर मोटर) गरम झाल्यावर लागत नसेल, तर या व्हॅनमध्ये दोष बहुधा मोटरचा नसून तिच्यापर्यंत येणाऱ्या विजेचा असतो.

आपल्या गाडीत बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही मागे आहेत, पण किल्लीचा स्विच पुढे स्टिअरिंगपाशी आहे. त्यामुळे सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरवरील विद्युतचुंबकी स्विचला, चालना देणारा प्रवाह मागून पुढे येऊन, स्विचमधून जाऊन पुन्हा मागे जातो, आणि पन्नास वर्षांत गंजलेल्या प्रत्येक जोडावर थोडे थोडे व्होल्ट खर्ची पडतात. त्यातच तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सोलेनॉइडची गुंडाळी ६० अंशांनी तापली, तर तेवढ्याच व्होल्टेजला तिच्यातील प्रवाह जवळजवळ पंचमांशाने घटतो. मग सोलेनॉइड हलतो, टक् वाजतो, पण मोटरचा मुख्य संपर्क जुळत नाही.

हे मल्टिमीटरने पडताळता येते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी आणि किल्ली दुसऱ्या व्यक्तीला फिरवायला सांगावी. दोष प्रत्यक्ष दिसत असताना, म्हणजे गाडी गरम असतानाच, सोलेनॉइडवरील ५० क्रमांकाचे टर्मिनल आणि स्टार्टरचे अंग यांमधील व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर ११-१२ व्होल्ट असताना येथे आठ-नऊच मिळत असतील, तर दोष वाटेतल्या वायरीत किंवा स्विचमध्ये आहे. स्क्रू-ड्रायव्हरने टर्मिनले जोडून गाडी सुरू करण्याचा प्रकार कृपया करू नये. गिअर चुकून पडलेला असेल तर गाडी खाली वाकलेल्या माणसाच्या अंगावर येते.

अर्थिंगची तपासणी मात्र गाडी थंड असताना, सेल्फ इंजिन फिरवत असताना करावी, कारण मोठा प्रवाह वाहिल्याशिवाय तेथील दोष मीटरवर दिसत नाही. बॅटरीचे ऋण टोक आणि स्टार्टरचे अंग यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकापासून बॉडीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी पाहावी. इंजिन व गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्यामुळे स्टार्टरच्या प्रवाहाला परतीची मुख्य वाट हीच असते. बहुतेक वेळा ती हिरवी पडलेली, तंतू तुटलेली सापडते. ती स्वस्त असते, म्हणून घासत न बसता नवी बसवावी आणि बोल्टखालचा रंग व गंज खरवडून पत्रा चकचकीत करावा.

५० क्रमांकावर व्होल्टेज कमी मिळाले, तर स्टार्टरजवळ ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवावा. स्विचकडून येणारी जुनी वायर रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनेला, अर्थिंग ८५ ला, स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवरून फ्यूज घालून घेतलेली वायर ३० ला आणि सोलेनॉइडकडे जाणारी ८७ ला जोडावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण केबल काढावी, कारण त्या जाड केबलला फ्यूज नसतो.

टर्मिनलवर पुरेसे व्होल्टेज असूनही नुसता टक् वाजत असेल आणि अर्थिंगही ठीक असेल, तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे : सोलेनॉइडचे संपर्क किंवा कार्बन ब्रश झिजले असावेत. तसे असल्यास स्टार्टरबरोबर गिअरबॉक्सच्या कवचातील छोटा बुशही बदलून घ्यावा. मॅन्युअल गिअरच्या या व्हॅनमध्ये स्टार्टरच्या शाफ्टचे टोक त्यातच फिरते, आणि जुना झिजलेला बुश तसाच ठेवला तर नवी मोटरही आतून घासू लागते.