सोलापुरात वृद्धाश्रम व्यवस्थापक व्हायचंय, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लागतंच का?

एमएसडब्ल्यू असेल तर मुलाखतीत वजन पडतं, नर्सिंगवाल्यांनाही घेतात. पण मी नवीन माणूस घेताना आधी विचारते, तेलुगू किंवा कन्नड थोडं तरी येतं का? शहराच्या पूर्व भागातल्या, विडी वळून किंवा मागावर बसून आयुष्य काढलेल्या आज्या स्मृतिभ्रंशात मराठी विसरतात, मायबोली उरते. आमच्याकडे एक आजी दोन दिवस ताट परत पाठवत होत्या. स्वयंपाकीणबाईंनी शेजारी बसून तेलुगूत ‘तिन्नारा?’, म्हणजे ‘जेवलात का?’, विचारलं, आणि आजींनी त्यांचा हात घट्ट धरला. मग आमटीत कुस्करलेली भाकरी त्यांच्याच हातून खाल्ली.

काम म्हणाल तर सकाळी औषधांचे डबे नावानिशी तपासणं, रात्रपाळीची मावशी आली नाही तर स्वतः थांबणं, आणि महिनाअखेरीला पगार, किराणा, देणग्यांचा हिशेब. एप्रिल-मे जपायचे. पारा ४२च्या वर जातो आणि म्हाताऱ्या माणसांना तहानच कमी लागते, त्यामुळे दर तासाला पेला हातात द्यावा लागतो. मी भिंतीवर तक्ताच लावलाय, कोण किती प्यालं त्याचा.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा नीट वाचा. मुलांकडून निर्वाहखर्च मागायला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही पाठ असू द्या.

पगार सुरुवातीला बेताचाच असतो. नोकरी धरण्याआधी एखाद्या आश्रमात महिनाभर रात्री राहून बघा, दिवसा काहीच कळत नाही.