जर्मनीच्या जंगलातलं काम, गोचीड आणि लाइम

तुम्ही विचारलंत की वनकामाचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घ्यायला जर्मनीत येताय, पण गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइमच्या आजाराचं ऐकून घरचे घाबरलेत, तर त्यात तथ्य किती? मी नैऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात हेच काम करतो आणि मला तो होऊन गेलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

भीती खरी आहे. गोचीड झाडावरून पडत नाही. गवतात, नेच्यांत, गुडघ्याएवढ्या झुडपांत दबा धरून असते, आणि रोपांभोवतीचं रान काढताना आपण दिवसभर तिथेच वाकलेले असतो. हवा साधारण ७ अंशांच्या वर गेली की ती हालचाल सुरू करते. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, चावलेलं कळतही नाही. म्हणून रोज संध्याकाळी अंघोळीला गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे बघायचंच. लाइमचे बोरेलिया जंतू गोचिडीतून अंगात उतरायला बहुधा १२ ते २४ तास लागतात, तेवढी सवड असते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल काही लावू नका.

आता मला कोणीच न सांगितलेली गोष्ट. लाइमची पहिली खूण म्हणजे चाव्याभोवती पसरणारा चट्टा; माहितीपत्रकांत तो गोऱ्या कातडीवर लालभडक दिसतो. माझ्या पोटरीवर तो जांभळट होता, मुका मार बसल्यासारखा. लाकूड लागलं असेल म्हणून मी सोडून दिलं, पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं मलम दिलं, आणि आठवड्याभरात तो तळहाताएवढा झाला. आपल्या रंगावर हे असंच फसवतं. तेव्हा चाव्याभोवती बॉलपेनने गोल काढा, तारीख लिहा, फोटो घ्या. ३ ते ३० दिवसांत डाग रेघेबाहेर सरकला तर तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तिच्यावर विसंबू नका. वेळेत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालं तर आजार बरा होतो, मीही झालो. दुर्लक्ष केलं तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, गुडघे सुजतात.

प्रत्येक चावा कामावरच्या ‘फेरबांटबूख’मध्ये, म्हणजे प्रथमोपचाराच्या नोंदवहीत, लिहायला लावा, मुकादम हसला तरी. इथे हा आजार व्यावसायिक आजारांच्या यादीत ३१०२ क्रमांकाखाली येतो, पण चावा कामावरच झाला हे दाखवायला तीच नोंद कामी येते.

लाइमवर लस बाजारात नाही. मात्र गोचिडीमुळेच होणाऱ्या मेंदूज्वरावर आहे, आणि त्याचा विषाणू काही मिनिटांतच अंगात जातो. दक्षिण जर्मनीत वनकामगारांच्या या लसीचा खर्च मालकाकडे असतो. तीन डोस असतात. रुजू झाल्या आठवड्यातच विचारा, म्हणजे वसंत लागायच्या आत पहिले दोन होऊन जातील.