फिट येणाऱ्यांना नैराश्य का येतं? मेंदूच्या रचनेमुळे का?

रचना हे एक कारण आहे, एकमेव नाही. मोठ्यांमध्ये फिट बऱ्याचदा कानशिलामागच्या टेम्पोरल लोब या मेंदूच्या भागातून सुरू होते. तिथेच हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला आहेत: पहिला स्मरणाचा, दुसरा भीती आणि भावनांचा. अनेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलेला, कडक झालेला दिसतो. नुसत्या नैराश्यातही, फिट नसताना, तो सरासरीने थोडा लहान आढळतो. म्हणजे दोन्ही आजारांची जागा बरीचशी एकच. नातंही दुहेरी आहे: आधी नैराश्य असलेल्यांना पुढे फिट येण्याचा धोका जास्त असतो.

पण एमआरआय नॉर्मल असूनही नैराश्य येतं, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं. लेव्हेटिरासिटामसारख्या फिटवरच्या गोळीने काहींची चिडचिड खूप वाढते. शिवाय लग्न आणि नोकरीची काळजी, आजार लोकांपासून लपवण्याचं ओझं आहेच. ते मला कमी महत्त्वाचं वाटत नाही.

फिटची गोळी मात्र मनाने बंद करू नका, फिट परत येऊ शकते. न्यूरॉलॉजिस्टला मनःस्थितीबद्दल स्पष्ट सांगा. नैराश्यावरची बहुतेक नेहमीची औषधं फिटच्या रुग्णांना देता येतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर आजच डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.